सत्काराला गैरहजर राहण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. समन्वयक अधिकारी,
'रोज शाळा' पालक साहाय्य उपक्रम,
डहाणू-तलासरी विभाग.

विषय: मुलीला शाळेत हजर राहता यावे म्हणून तिच्या आईला आपल्या सभांना व सत्काराला गैरहजर राहू देण्याबाबत.

संदर्भ: आपल्याकडून आजवर आलेली सर्व बोलावणी, विशेषतः शेवटचे, सत्काराचे.

महोदय,

१. अर्जदार सौ. जमुना चंदर तामोरे, राहणार धाकटी डहाणू, ही बोंबील सुकवून विकते. नवरा चंदर बोटीवर खलाशी आहे; बोट एकदा गेली की आठवडाभर त्याचे तोंड दिसत नाही. मुलगी दक्षा दहावीला आहे. घरात चौथे माणूस नाही. ओला बोंबील बांबूच्या मांडवावर टांगला की दिवसभर तिथे कुणीतरी बसावेच लागते. कावळे आणि कुत्री कुणाचीही भीड ठेवत नाहीत. अर्जदार घरी असली की ती बसते आणि दक्षा शाळेत जाते. ही व्यवस्था गेली कित्येक वर्षे सुरळीत चालू होती, हे कृपया ध्यानात घ्यावे.

२. दिवाळीनंतर अर्जदार तापाने आडवी पडली. त्या दिवसांत दक्षाची शाळा बुडाली. चूक ती चूक, अर्जदार नाकबूल करत नाही. शाळेने नाव आपल्याकडे कळवले आणि आपण अर्जदारास 'मुलांची नियमित उपस्थिती व पालकांची जबाबदारी' या सभेस बोलावले. सभा मंगळवारी, सकाळी अकराला, तलासरीस. बोलावणे सरकारी दिसले म्हणून अर्जदार घाबरून गेली. मुलींना कामासाठी घरी बसवू नये, असे तेथे फार चांगल्या शब्दांत सांगण्यात आले. पटले त्यांनी हात वर करावा म्हटल्यावर अर्जदाराने सर्वांच्या आधी हात वर केला. त्या वेळी दक्षा मांडवाखाली बसून कावळे हाकत होती.

३. तो मंगळवार दक्षाच्या नावावर गैरहजर म्हणून लागला. त्यामुळे अर्जदारास पुढच्या सभेचे बोलावणे आले. ती सभाही शाळेच्याच दिवशी. तिच्यामुळे तिसरे आले. आपल्याकडील कुणाचा यात वाईट हेतू आहे असे अर्जदाराचे मुळीच म्हणणे नाही, पण हे चक्र थांबणार कुठे, हे तिला कळेनासे झाले आहे.

४. मध्यंतरी आपल्याकडील दोन मॅडम गृहभेटीस आल्या. मुलगी शाळेत का जात नाही हे तिच्याच तोंडून ऐकायचे असल्याने तिला त्या दिवशी घरी ठेवावे, असा निरोप आदल्या दिवशी आला होता. त्याप्रमाणे ठेवली. मॅडम मायाळू होत्या, कोरा चहा प्यायल्या, दक्षाच्या पाठीवरून हात फिरवला. जाताना कागदावर 'शाळेच्या वेळेत मुलगी घरी आढळली' असे लिहून गेल्या. खोटे काहीच लिहिले नाही.

५. अर्जदाराने आपल्या परीने उपाय केले नाहीत असे नाही. चंदरचा जुना शर्ट काठीला घालून मांडवाशी उभा केला. दुपारपर्यंत कावळे त्याच्या खांद्यावर बसू लागले. शेजारीण निलमला राखणीस बसवावे, तर तिच्या मुलाचेही नाव यादीत असल्याने ती सभेत अर्जदाराच्या शेजारीच बसलेली. सभा रविवारी घ्या म्हटले, तर रविवारी कार्यालय बंद असते. सभेला दक्षाला पाठवून अर्जदाराने तिच्या जागी वर्गात बसावे का, असेही विचारून झाले. सगळे हसले. अर्जदार मात्र हसवण्यासाठी बोलली नव्हती.

६. आता मूळ गोष्ट. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर बोर्डाच्या परीक्षेला बसणे अवघड होईल, अशी समज मुख्याध्यापकांनी दिली आहे. दक्षा काठावर आहे. आणि अशातच आपले पत्र आले की, उपक्रमाच्या प्रत्येक सभेस न चुकता हजर राहिल्याबद्दल अर्जदाराची 'आदर्श पालक' म्हणून निवड झाली असून, बुधवार दि. २१ जानेवारी रोजी सकाळी अकरा वाजता तलासरीच्या सभागृहात शाल व श्रीफळ देऊन तिचा सत्कार होईल. त्याच बुधवारी, त्याच वेळेस दक्षाचा पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा पेपर आहे.

७. पत्र दक्षानेच वाचून दाखवले. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, तू जा. तुला आजपर्यंत कुणी काही दिलंय का? मी बसते बोंबलांजवळ. पेपर काय, सर परत घेतील." सर परत घेणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होते. पोरीने आईच्या शालीसाठी पेपर सोडायची तयारी केली, हे अर्जदाराला फार लागले. रात्री जेवण गेले नाही. एवढ्या सभांत जे कुणी विचारले नाही ते आता अर्जदार स्वतःहून सांगते: दक्षाला शाळा आवडते. तिला समजावण्याची गरज कधीच नव्हती.

८. सबब विनंती की, यापुढे अर्जदारास सभेस बोलावू नये. फारच आवश्यक असल्यास मॅडमनी मांडवाशी यावे, काय ते बोंबील उलटता उलटता ऐकले जाईल. मुलगी तेव्हा घरी आढळणार नाही, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. शाल दुसऱ्या कुणाला द्यावी, नारळही द्यावा. आदर्श पालकांतून नाव कमी झाले तरी अर्जदाराची तक्रार राहणार नाही.

९. एकवीस तारखेला सभागृहात जमुना चंदर तामोरे हे नाव पुकारले जाईल तेव्हा कुणी उठणार नाही. तेथे बेलाशक गैरहजर लिहावे. त्याच सुमारास शाळेत दक्षा चंदर तामोरे हे नाव पुकारले जाईल. तिथे उत्तर येईल.

आपली नम्र आणि दमलेली,
जमुना चंदर तामोरे
(सही स्वतः केली आहे)

धाकटी डहाणू, दि. ११ जानेवारी २०२६, रविवार

सोबत: १) सत्काराचे पत्र, परत. २) पूर्वपरीक्षेच्या वेळापत्रकाची झेरॉक्स.

ता. क. अर्जदाराने सांगितले तसे शेजारीण निलम हिने लिहिले. मजकुरात कुठे राग दिसल्यास तो लिहिणारीचा समजावा. अर्जदारास रागवायला सवड नाही.