वरच्या मजल्यावरचं पाणी

रविवार, १४ मार्च

प्रिय ठके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे आणि माझा डावा कान आपापल्या जागी कुरकुरत असतात, त्यात नवीन काही नाही. तुझ्या छोटीचा खोकला थांबला का ते कळव. तिनं पाठवलेला हत्ती आईनं कपाटाच्या दारावर चिकटवलाय. मला त्याला पाच पाय दिसले, आई म्हणाली त्यातली एक सोंड आहे. मी वाद घातला नाही.

हे पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. सासरी तुझी पत्रं आधी कोण फोडतं ते मला माहीत आहे.

उत्तराला उशीर झाला तो पाण्यापायी. ते सगळं सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही, तेव्हा कंटाळा आला तरी वाच.

तुझं पत्र आलं आणि आईनं लगेच वरची खोली आवरायला घेतली. खिडक्या पुसायला वरच्या नळाखाली बादली लावली, तर ती काही भरेना. करंगळीएवढी धार. खाली येऊन म्हणाली, "अहो, नळ लाजतोय." मला हसू आलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस एका नळापुढे कशाला हात टेकेल?

आधी गाळणी काढली. तांबूस गाळानं गच्च भरली होती. धुऊन बसवली, दोन-तीन दिवस बरे गेले. मग बोअरच्या मोटारीनं नवीन खोड काढली. टक करून चालू, लगेच टक करून बंद, घरात कोणी सारखं दार वाजवतंय असं वाटायचं. स्विचचा डबा उघडला, आतल्या मुंग्या झाडल्या, टोकं घासून लखलखीत केली. तरी टकटक सुरूच. मग नळांना दाब देणाऱ्या प्रेशरच्या टाकीवर बोटं वाजवून पाहिली. वरचा भाग पोकळ वाजायला हवा, ती सगळीच भरीव वाजली. हवा भरायची पिन दाबली तर हवेऐवजी पाण्याची चिळकांडी चष्म्यावर. आतलं रबर फाटलं होतं. तुझी आई दारात उभी राहून इतकी हसली, की बऱ्याच दिवसांत तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

नवी टाकी बसवली, हवा नीट भरली. वरच्या नळाला अशी जोरात धार आली की आईनं त्याच दुपारी खोलीतले पडदे धुऊन टाकले. आणि मला न विचारता तुला दोन ओळी लिहिल्या, की दोघी लगेच निघून या. ती चिठ्ठी तुला मिळाली असेलच. तिच्यावर रागावू नकोस. तेव्हा पाणी होतं.

पुढच्याच आठवड्यात नळ खोकायला लागला. थोडं पाणी, थोडी हवा, मग नुसताच फुसफुस आवाज. प्रेशरचा काटा शून्यावर थरथरायचा. शेवटी पंपवाल्याला बोलावलं. त्यानं पाइप वर ओढून काढले, मोटार अंगणात ठेवून तपासली, मग दोरीला वजन बांधून बोअरमध्ये सोडलं. दोरी वर आली ती कोरडी, फक्त टोकाला चिखल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, मोटार ठणठणीत आहे. खाली पाणीच नाही."

मोटार अगदी तळाशी सोडून पाहिली. चार दिवस गढूळ पाणी आलं, मग तेही थांबलं. बोअर आणखी खोल घ्यायला मशीन आणलं. दिवसभर खडक फोडला, नुसती पांढरी धूळ निघाली. घरावर, भांड्यांवर, वरच्या खोलीत लावलेल्या पडद्यांवर धूळ. संध्याकाळी त्या लोकांनी मशीन आवरलं, आणि तुझ्या आईनं पडदे काढून न धुताच घडी करून ठेवले.

आपल्या गल्लीत सगळ्यांचं हेच झालंय. कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं घराला कुलूप लावलं. टँकर मोठ्या रस्त्यावर थांबतो, त्याला वाटेल तेव्हा येतो, आणि तिथून घरापर्यंत बादल्या आपण वाहायच्या.

वर मी लिहिलं की आम्ही बरे आहोत. ते तितकंसं खरं नाही. मागच्या मंगळवारी मी बाहेर गेलेलो असताना आई बादली घेऊन जिना चढत होती. वर कशाला, तर तुमच्या न्हाणीघरातला पिंप भरून ठेवायचा म्हणून. पडली. उजवा हात मनगटात मोडलाय, प्लास्टर घातलंय. तुला कळवायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं.

तुझा मामा येऊन बघून गेला. शनिवारी तो तिला घेऊन जाईल. त्याच्याकडे एका माणसाची सोय होते. लिफ्टच्या वर्कशॉपच्या मालकानं मला मागची खोली दिली आहे, रात्री राखण करायची आणि तिथंच झोपायचं. म्हातारपणी आम्ही असे दोन दिशांना राहणार, याचं हसू येतं, असं आई म्हणते. मला दिसतंय तिला काय येतं ते.

तुमच्यासाठी मी विचारलं नाही असं समजू नकोस. मामाला विचारलं, त्यानं मामीकडे पाहिलं आणि दुसराच विषय काढला. मालकाला विचारलं, तिथं बायका-मुलांना राहू देत नाहीत. तुझ्या इथल्या बालमैत्रिणीच्या घरी गेलो, ते लोक केव्हाच सोडून गेलेत.

काल आईला म्हटलं, ठकीला आता कळवायला हवं. ती म्हणाली, "काय कळवणार?"

"खरं ते."

"खरं कळवलंत तर ती तिथंच राहील." मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तू पत्रात फार लिहिलं नाहीस. 'बाबा, आता इथं राहवत नाही', एवढंच. तू लहानपणी ताप आला तरी सांगायची नाहीस, म्हणून त्या एका वाक्यात काय काय असेल ते मला कळतं. तिथंच राहा असं मी तुला कधीही लिहिणार नाही. इकडे ये असंही लिहिता येत नाही. या दोन्हींच्या मधे तुम्हा दोघींना कुठं बसवू, हे मला सुचत नाही, आणि सुचेल असं सांगून तुला खोटी आशाही लावणार नाही.

शनिवारनंतर या पत्त्यावर पत्र टाकू नकोस. घ्यायला कोणी नसेल.

तुझाच,
बाबा