बिनपावाचं, बिनभाकरीचं

सोमवार, ६ जानेवारी १९७५

पुन्हा तेच! आज तिसऱ्यांदा केलं आणि तिसऱ्यांदा ताटावर नाक मुरडून म्हणाले — "ती चव नाही."

अमेरिकेहून येऊन दोन महिने झाले, पण आमच्या दिनकररावांचं पोट अजून तिकडंच आहे. नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये मातीपरीक्षण किती शिकले कोण जाणे, जेवण मात्र पाठ करून आले. ज्या प्रोफेसरांकडे राहायला होते त्यांची बायको नोकरी करायची. घरी आली की वीस मिनिटांत रात्रीचं जेवण तयार! चीजबर्गर म्हणून त्यांचा एक पदार्थ — पावात खिम्याची टिक्की, तिच्यावर चीज, कांदा, टोमॅटो. वजन वाढतं म्हणून त्या बाईनं पाव काढून टाकला आणि उरलेलं सगळं वाडग्यात कालवलं. झालं सॅलड. "तिकडे बायका भाकऱ्या बडवत बसत नाहीत, सत्या." हे कोणाला सांगतात? साडेपाचला शाळेत शिकवून आलेल्या मला. चहा पीत पीत. स्वतः एक कांदा चिरला असेल तर शपथ!

वीस मिनिटं म्हणे! स्टोव्हला पिन मारण्यातच दहा जातात. मग खिमा परतायचा — आलं-लसूण नको, मसाला नको, नुसतं मीठ-मिरी. तिकडचा कसलासा पाला लागतो, तो परभणीत कुठून आणू? कोबी चिरते. टोमॅटो, कच्चा कांदा, व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी, वाटलेली मोहरी, बाटलीतला सॉस. वरून चीज — औरंगाबादहून डबा आणलाय, साबणाच्या वडीसारखं लागतं. ते किसायचं. एवढं करून वाडगा चाटूनपुसून खातात, आणि वर — ती चव नाही!

मंगळवार, ७ जानेवारी

खिम्याचा वास जिन्यावरून वर गेला आणि सुमनबाई खाली आल्या. घरमालकीण. यजमान मानवतला कापसाच्या अडतीवर, आठवड्यातून दोनदा येतात, त्यामुळे बाईंना वेळ भरपूर.

"अगं बाई! पंडितांच्या घरात खिमा?"

हे लगेच पुढं. "अमेरिकेत सवय लागली हो."

"अमेरिकेनं बाटवलं म्हणा की तुमाला!" पोट धरून हसल्या.

मीही हसले. काय करणार? तीन घरांनी आधी हो म्हणून मग नाही म्हटलं होतं. चौथं हे. इथं यांनी नुसतं आडनाव सांगितलं — पंडित. "बामन का? बरं झालं," असं सुमनबाईंनी स्वतःच ठरवलं. हे नाही म्हणाले नाहीत. मीही नाही म्हणाले नाही. खोटं काही बोललो नाही, असं हे अजून म्हणतात. बाबासाहेबांचा फोटो तेव्हापासून ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली.

गुरुवार, ९ जानेवारी

शेवटी विचारलंच — "ती चव, ती चव, म्हणजे कशाची?"

"ते बीफ असतं."

"म्हणजे मोठ्याचंच की!"

एकदम खेकसले. "तो शब्द या घरात नको!"

आमच्या वस्तीत बैला-म्हशीच्या मटणाला मोठ्याचं म्हणतात. लग्नानंतर यांनी मला पहिली अट घातली ती हीच — वस्ती सोडली, आता वस्तीतलं खाणंही सोडायचं. मी सोडलं. माहेरी गेले तरी तोंडाला लावलं नाही. आई ताट पुढं करायची आणि मागं घ्यायची. आणि हे नऊ महिने तिकडं रोज खाऊन आले!

म्हणाले, "तिकडचं वेगळं असतं. स्वच्छ."

हो. तिकडच्या बैलांना जात नसेल!

रविवार, १२ जानेवारी

बोरीहून आईचं कार्ड. अक्षर आश्रुबा मास्तरांचं. छपन्न साली शाळेच्या पटावर माझं 'सखू' खोडून 'सत्यशीला' लिहिणारे तेच ते.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. परभणीत फुकटचं नेत्रशिबिर आहे असं कळलं. 'माणूस दिसतो, तोंड दिसत नाही. दोन वर्षं झाली लेकीचं तोंड बघितलं नाही. येऊ का?'

येऊ का! लेकीच्या घरी यायला आई परवानगी मागते.

यांना दाखवलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मामींना येऊ दे. पण सुमनबाईंसमोर... तू बघ काय ते."

तू बघ! नेहमी मीच बघायचं.

बुधवार, १५ जानेवारी

ये म्हणून कार्ड टाकलं. काय बघायचं ते अजून सुचलेलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

लिहायला नको वाटतंय. पण दुसऱ्या कोणाला सांगणार?

संध्याकाळी कांदा चिरत होते. सुमनबाईंचा जिन्यातून आवाज — "पंडितबाई, कोण आलंय बघा हो!" बाहेर गेले. आई! भिंत चाचपत दारापर्यंत आलेली. डोक्यावर गाठोडं, हातभर गोंदण, लुगड्याला धूळ. माझी चाल तिनं ओळखली. तोंड भरून हसली, हात जोडले, आणि तोंडातून 'जय—' एवढं निघालं.

'भीम' निघायच्या आत मी बोलले. "गावाकडची बाई आहे, सुमनबाई. भांड्यांना सांगितली होती."

असं बोलायचं काही ठरवलं नव्हतं. जिभेवर तयारच होतं ते!

आईचे हात तसेच जोडलेले राहिले. मग खाली आले. "व्हय बाईसाहेब," म्हणाली. "मोरी कुटं हाय?"

सुमनबाई वर जाईपर्यंत ती भांडी घासत होती. धुतलेलीच भांडी पुन्हा. मी कडी लावून तिच्याजवळ बसले, पाय धरले. म्हणाली, "असू दे गं सत्ये. तुला ऱ्हायाचं हाय हितं. मला काय, चार दिस."

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी वंदना म्हणायला बसले. चौथ्या शीलापाशी — खोटं बोलणार नाही — तिथं अडले. नाव म्हणे सत्यशीला!

सोमवार, २० जानेवारी

सुमनबाईंनी मला बाजूला घेतलं. "ती बाई कोणाच्यातली हो?"

"विचारलं नाही."

"विचारत जावं, बाई. तुमी भोळ्या. दिसायलीय तर तसलीच. कप तरी वेगळा ठिवा तिचा."

सांगून गप्प बसल्या नाहीत. चहाच्या वेळी मुद्दाम खाली येऊन बसल्या. मी कान तुटलेला कप काढला. माझ्या आईला मी माझ्याच घरात, माझ्याच हातानं वेगळा कप दिला. तिनं चाचपून बघितला. तुटलेल्या कानावरून बोट फिरवलं आणि प्याली.

हे पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

बुधवार, २२ जानेवारी

शाळेत सव्वीस जानेवारीची तालीम. लेझीम सुटायला पावणेसात. वाटेत आठवलं — सुमनबाईंनी आज अमेरिकेचं खायला येते म्हणून सांगितलं होतं! पळतच घर गाठलं, तर वाडगा तयार. आईनं केलेलं. हे कॉलेजातून यायच्या आत. इतके दिवस मोरीपाशी बसून तिनं माझ्या सुरीचा, किसणीचा आवाज ऐकला होता. कोबी-कांदा अंदाजानं चिरलेला. चीजसुद्धा किसलं होतं, बोट थोडं सोललं त्यात.

हे आणि सुमनबाई जेवायला बसले. पहिला घास, आणि हे ताठ झाले. "आज! आज जमलं! हीच ती चव!"

सुमनबाईंनी दोनदा मागून घेतलं. "लय झ्याक झालंय, पंडितबाई! अमेरिकेच्या बाया काय उगं गोऱ्या हायत का!" आई मोरीपाशी पाठ करून बसली होती. तिची पाठ हलली. हसली का काय, कळलं नाही.

सुमनबाई गेल्यावर आईला विचारलं — कसं जमलं गं?

"त्यात काय अवघड हाय? कोरड्या तव्यावर करपू द्यायचं. तेल न्हाई घालायचं. रोजानं जाऊन आल्यावर आपुन ह्येच करत हुतो की. मोठ्याचं भाजायचं, कच्चा कांदा, मीठ-मिरची. जवारी सरलेली असली की भाकरीबिगर. तू ताट चाटायचीस, सत्ये. इसरलीस का?"

विसरले नव्हते. आठवू देत नव्हते. त्या प्रोफेसरच्या बायकोनं पाव काढला तो वजन वाढतं म्हणून. आईची भाकरी गेली ती डब्यात पीठ नाही म्हणून. पदार्थ एकच! यांची ती जगावेगळी चव बोरीच्या वस्तीत रोज संध्याकाळी शिजायची, आणि हेही तशाच वस्तीत वाढलेत.

आत जाऊन यांना सांगितलं — आज आईनं केलं होतं.

हे विचारतात काय — "हात धुतले होते ना त्यांनी?"

मी वाडगा उचलून आणला. बोलायला हवं होतं.

शनिवार, २५ जानेवारी

शिबिरात नाव घातलं. मोठी रांग. टेबलावरच्या माणसानं फॉर्म भरता भरता विचारलं — नाव? चांगुणाबाई. गाव? बोरी. सोबत कोण?

मी तोंड उघडणार तोवर आई म्हणाली, "कोन न्हाई वो. ह्या बाईंच्या घरी कामाला हाय मी. लय चांगल्या हायत, सोताच्या पायानं आल्या माझ्यासाटी."

त्यानं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. नातेवाईक — 'नाही' असं लिहिलं.

तिथं कोण होतं ओळखीचं? ना सुमनबाई, ना हे. घर जायची भीती नाही, काही नाही. नुसतं म्हणायचं होतं, अहो ही माझी आई आहे. फॉर्मवर अंगठा कुठं द्यायचा ते मी दाखवलं. शाई पुसायला रुमाल दिला. आणि गप्प राहिले! आतापर्यंत सगळं यांच्या डोक्यावर फोडत आले. आज कोणाच्या डोक्यावर फोडू?

मंगळवार, २८ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. दोन्ही डोळ्यांना पट्टी. शाळा सुटली की डबा घेऊन जाते. भरवते. शेजारच्या खाटेवरची बाई आईला म्हणाली, "अशी मालकीण सात जन्मात मिळायची न्हाई." आई म्हणाली, "व्हय माय."

रविवार, २ फेब्रुवारी

ठरलं. आज यांनी पुन्हा सॅलड मागितलं — 'परवासारखं.' मी म्हटलं, ते करणारी माझी आई आहे, आणि ती या घरात आई म्हणून राहिली तरच होईल. नाहीतर उद्यापासून पिठलं खा! घर जाईल, हे म्हणाले. जाऊ दे, म्हटलं. चार घरं बघितली, पाचवं बघू.

फोटो ट्रंकेतून काढला. पुसला. खिळा ठोकून भिंतीला लावला. हातोडीचा आवाज वर गेला असेल. जाऊ दे.

तो कप फोडून टाकला. उद्या पट्टी निघणार. आईला आणते, आणि सुमनबाईंना जिन्यातच सांगते. आधी आईला सांगते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आईला घरी आणलं. सुमनबाई सकाळीच मानवतला गेलेल्या, हे कॉलेजात. दाराला आतून कडी लावली. तिला फोटोसमोर बसवलं आणि शिबिरातला जाड भिंगांचा चष्मा माझ्या हातानं चढवला. दोन वर्षांनी तिनं माझं तोंड बघितलं. किती तरी वेळ बघत होती.

मग म्हणाली, "लय वाळल्या की बाईसाहेब तुमी."

मी म्हटलं, "आई, दार बंद आहे. आपण दोघीच आहोत."

"व्हय, दिसायलंय की मला," लावलेल्या कडीकडं बघत म्हणाली, आणि उठून मोरीकडं गेली.