रस्त्यावरून दिसतं तेवढं गाव

लातूर, ९ सप्टेंबर २०२३

हणमंतराव यांसी लातूरहून तय्यबचा सलाम आणि रामराम, दोन्ही. मानवेल तो ठेवून घ्या. गुडघा कसा आहे? बिलोलीची हवा गुडघ्याला सोसायची नाही असं मी तेव्हाच बोललो होतो, पण भूकंपानंतर गाव सोडताना तुम्ही कुणाचं ऐकलंत?

तुमच्या कामाचा खरा खर्च असा: अकरा दिवस, एक जळालेला पंखा (कॉम्प्युटरचा) आणि आमच्या बायकोचं, चांदबीचं, माझ्याशी बोलणं. तुमच्या लेकीनं, उज्वलानं, कोचिंग बुडवून आपल्या जुन्या गावाचा गेम बनवला, तुम्ही रागानं तिचा कॉम्प्युटर पेटीत कोंडलात, आणि आता तोच माझ्याकडे धाडून भूकंपाच्या तीस वर्षांच्या स्मरणाला त्याच गेममधून गावाचा नमुना काढून द्या म्हणता. मूळ फायली पोरगी नांदेडला घेऊन गेलेली. उरला नुसता चालणारा गेम. पण गेम चालताना चित्र काढणाऱ्या कार्डाला सारखे हुकूम सोडत असतो, इथं भिंत काढ, तिथं पार काढ. साहेब कारकुनाला सांगतो ते दाराआडून लिहून घ्यावं, तसे मी ते हुकूम मधेच धरले. (कान आपले पहिल्यापासून तिखट.) कोचिंगवाल्यांच्या ट्रॉफ्या बनवणाऱ्या दहावी नापास माणसानं हे एकट्यानं केलं, कुणाला न विचारता, एवढं ध्यानात असू द्या.

गाव निघालं. ट्रॉफ्यांच्या मशीनवर प्लास्टिकमध्ये छापलंही. वेस, देऊळ, आमचं दुकान, तुमचं घर. पण घर उभंच राहीना. फिरवून बघतो तर मागं काहीच न्हाई. गेममधला माणूस मोठ्या रस्त्यानंच चालतो (पोरीचं तेवढंच बांधून झालं होतं, मग पेटी), आणि रस्त्यावरून दिसत नाही ते काढायचा हुकूमच सुटत नाही. चांदबी अकरा दिवसांनी बोलली ती एवढंच, "हे गाव हाय का नाटकाचा पडदा?" मला हसू आलं नाही. समोरून बघावं तर गाव, मागून बघावं तर त्या दिवशीची सकाळ. तुमच्या आई झोपायच्या ती मागची खोली तर नाहीच. तूर्त घर एका ट्रॉफीला टेकवून ठेवलंय.

तुमचा,
तय्यब

ता. क. मागची खोली उज्वला नांदेडला बसून गेममध्ये बांधतेय. अर्ध्यावर अडली. विचारत होती, "चाचा, आजीची बाज कुठल्या भिंतीला होती?" हे तुमच्याशिवाय आता कुणाला ठाऊक? तुमच्या दोघांच्या अबोल्याला चार वर्षं झाली, हणमंतराव. तुम्हीच फोन करा. तिचा नंबर तोच आहे.

दुसरा ता. क. हुकूम कसे धरायचे ते अकराही दिवस तीच मला फोनवर सांगत होती.