गुरूंच्या मरणावरचे तुरुतुरूचे पुस्तक

४ जून, सकाळी ९.१०
वस्तुस्थिती, क्रमाने. एक : प्राचीन नीतिगुरूंच्या मृत्यूने पुढील विचाराला कसे वळण दिले, या विषयावर मी एकवीस वर्षे ग्रंथ सिद्ध करीत आहे. दोन : टिपणांची कार्डे चार हजार, पूर्ण प्रकरणे शून्य. घाई हा अज्ञानाचा गुण आहे. तीन : माझा माजी विद्यार्थी तुरुतुरू (परीक्षेत तीन तासांचा पेपर तासाभरात देऊन निघायचा, म्हणून मीच ठेवलेले नाव) आता दूरच्या कॉलेजात शिकवतो. त्याचे याच विषयावरील पुस्तक काल बाजारात आले. चार : मला हेवा वाटत नाही.

दुपारी
वाचणार नाही.

५ जून
केवळ चुका काढण्यासाठी विकत आणले. पाने एकशे चाळीस! एवढ्या माझ्या तळटीपा नुसत्या सॉक्रेटिसच्या विषाच्या पेल्यावर आहेत. अर्पणासकट प्रस्तावना गाळली. ती हौशी लोक वाचतात.

८ जून
चुका : एक. पान ७१, एक साल.
त्याचे म्हणणे असे : सॉक्रेटिस काय, बुद्ध काय, आपली शिकवण कोणीच लिहून ठेवली नाही. गुरू गेले, शिष्य पोरके झाले, आणि त्या पोरकेपणाने त्यांना लिहिते केले. 'गुरू असेतो शिष्य नुसता ऐकतो.' वाक्य दुर्दैवाने चांगले आहे. माझ्याकडे ते कार्ड क्र. २११६ वर आहेच.
शोधले. कार्डावर 'यावर विचार करावा' एवढेच.

१२ जून
ग्रंथपालबाई म्हणाल्या, सर, त्या पुस्तकाला सात जणांनी नंबर लावलाय, तुमचं कधी? संकल्प : रोज तीन पाने.

१३ जून
अर्धे वाक्य. खोडले. आता सॉक्रेटिसचाही हेवा वाटू लागला आहे. एक ओळ न लिहिता माणूस अजरामर.

१७ जून, सायंकाळी
हिने प्रस्तावना वाचली. म्हणाली, अहो, यात तुम्ही आहात! मी अत्यंत शांतपणे पुस्तक हिसकावून घेतले. पान पाच, अर्पण : 'ज्यांनी विचार करायला शिकवले, त्या माझ्या दिवंगत सरांस.' खाली माझे संपूर्ण नाव. प्रस्तावनेत खुलासा : तीन प्रकरणे अभिप्रायासाठी सरांकडे पाठवली, दोन वर्षे उत्तर नाही. 'सर पत्र बिनउत्तराचे ठेवणारे नव्हेत. काय समजायचे ते समजलो.'
प्रकरणे कपाटात आहेत. दुरुस्त्या चालू होत्या.
ही हसून हसून लाल. म्हणे, तरीच म्हटलं, दोन वर्षं भाजी आणायला कोणी उठत कसं नाही!

१८ जून
निषेधपत्राचा मसुदा. जळजळीत.

१९ जून
प्रस्तावना पुन्हा वाचली. पान नऊ : 'सरांचा ग्रंथ पूर्ण झाला असता, तर या पुस्तकाची गरजच नव्हती.' हयातीत माझ्याविषयी असे कोणी बोलले नाही. पाच वेळा वाचली. मसुदा फाडला.

२१ जून
प्रकाशकांना नवे पत्र रवाना. नक्कल :
'महोदय, मी हयात आहे. सबब पान पाचवरील "दिवंगत" हा शब्द असत्य आहे. तो दुसऱ्या आवृत्तीतून काढावा, अशी मागणी करण्यापूर्वी एक खुलासा हवा. तो काढल्यास पान नऊवरील मजकूर आहे तसा राहील काय? राहणार नसेल, तर मला घाई नाही. उत्तर लेखीच द्यावे, आणि पाकिटावर माझ्या पत्नीचे नाव घालावे.'