आईच्या फोनची नवी बॅटरी

कोंढा,
१८ जुलै २०२४

चि. कैलाश यास आईचे अ. आ. वि. वि.

तुला फोन लावते, पण चाळीस टक्के दिसता दिसता तो मरतो आणि भांडण अर्धंच राहतं, म्हणून पत्र. तुझ्या लेकीचा, टीनाचा जुना फोन नवी बॅटरी टाकून मोठ्या दिमाखात मला पाठवलास. आता आई फोन उचलत नाही, तिला एकटी ठेवता येत नाही, असं तुमसरभर सांगत फिरतोस म्हणे. सूनबाईच बोलून गेली. बंद पडलेला फोन मी उचलू कशी? दोष तुझ्या बॅटरीचा आणि कुलूप माझ्या घराला, हे चालायचं नाही. मी तुमसरला येणार नाही. माझा धानाचा रोवणा बाकी आहे.

लोभ आहे, पण सध्या फार थोडा.
आई

तुमसर,
२५ जुलै

ती. आईस कैलाशचा शि. सा. न. वि. वि.

बॅटरी चांगली आहे. फोनला तिचा अंदाज यायचाय, एवढंच. तू दहा मिनिटं चार्जिंगला लावतेस आणि काढतेस, म्हणून आकडा चुकतो. दुकानदार सांगतो तसं कर. बंद पडेस्तोवर वापर. मग बंदच ठेवून चार्जिंगला लाव आणि पूर्ण भरेस्तोवर हात लावू नकोस.

त्यानंतर मी कारणं ऐकणार नाही. मागच्या वर्षी तू पडलीस तेव्हा संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. फोन लागला नाही तर शेजारचा श्रावण दार तोडून बघेल, आणि मी गाडी घेऊन येईन. घराला कुलूप, तू तुमसरला. राइस मिल सोडून दर आठवड्याला धावायला मी मोकळा नाही.

लोभ कमी केलास तरी चालेल, फोन चालू ठेव.
कैलाश

कोंढा,
१३ ऑगस्ट

चि. कैलाश यास आ.

तू लिहिलंस तसंच केलं. चार तारखेला सकाळी बंद फोन चार्जिंगला लावला आणि पुढची कडी आतून घालून मागच्या दारानं शेतात, बांधीवर रोवण्याला गेले. दुपारी परतले तर कडी नुकतीच तुटलेली, घरात पंधरा माणसं घुसलेली आणि शेजारची आनंदाबाई आत बघायच्या आधीच गळा काढून रडून राहिलेली. श्रावण म्हणाला, फोन लागला नाही म्हून कैलाशभाऊनं तोडाले सांगतलं, मले वाटलं काकी गेली. चिखलाच्या पायांनी दारात उभी राहून मी माझ्याच मरणाचं रडणं ऐकलं. मी ठीक आहे हे त्यानं तुला तिथूनच कळवलं. तुझी गाडी काही आली नाही. कडी मीच बसवून घेतली.

त्या दिवसापासून फोन उत्तम आहे. दोन दिवस पुरतो, आकडाही खरा दाखवतो. आनंदाबाईच्या फोनवरून लावून पाहिला, वाजतो. बांधीवरही कमरेच्या पिशवीत घेऊन जाते. आज नऊ दिवस झाले, तू एकदाही केला नाहीस. आधी मी बॅटरीला शिव्या देत होते, मनाला तेवढा आधार होता. तोही तू दुरुस्त करून टाकलास.

मी तुमसरला येत नाही. इतक्या लांबून तुला दोन शब्द विचारवत नाहीत, तर एका घरात रोज माझं तोंड कसं बघशील?

लोभ ठेव, असं यावेळी लिहीत नाही.
आई