दाराजवळचा बाक

मी, गल्लीत ‘पटाशी’ म्हणून ओळखली जाणारी, सुताराची विधवा आणि स्वतःही सुतार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. पटाशीच्या पात्यासारखी धारेची जीभही शाबूत आहे; तिच्याबद्दल ज्यांची तक्रार असेल त्यांनी आता थोडाच धीर धरावा.

१. राहते घर, खालचे दुकान आणि सगळी हत्यारे माझ्या मुलीला. ती अंगावर पीत असताना मला पुन्हा दिवस गेले आणि हृदय दगा देऊ लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल वाढले तर दोघेही जाल. मी गर्भपात करून घेतला. मुलीला आई राहिली. जे गेले त्याच्यासाठी मी रडले, अजून रडते. पण रडणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे.

२. माझे मोठे दीर प्रार्थनागृहाचे उपदेशक. त्यांना एकही खिळा मिळू नये. त्यांनी भर सभेत मला खुनी म्हटले. उभी राहा, पाप कबूल कर, देव क्षमाशील आहे, म्हणाले. मी उभी राहिले. “भाऊजी, देव क्षमाशील आहे ना? मग मध्ये तुमची दलाली कशाला?” त्या दिवसापासून माझी जागा दाराशी, चपलांजवळ. तरी मी जायची सोडली नाही. देव ही काही दिरांची वडिलोपार्जित इस्टेट नव्हे, आणि असती तरी माझ्या नवऱ्याचा तिच्यात अर्धा वाटा असता.

३. दाराजवळचा बाक. माझा नवरा थोरल्या भावापुढे ब्र काढत नसे. त्या दिवशीही गप्प बसला, म्हणून मी त्याच्याशी अबोला धरला. मग त्याने मला बसायला बाक केला, चांगला ऐसपैस. एकटीला एवढा कशाला, असे मी फणकाऱ्याने विचारले. तो म्हणाला, “येतील.”

आल्या. एकीला म्हणे आत गुदमरायचे. एकीचे पोर म्हणे रडायचे. खुद्द थोरल्या जाऊबाई आल्या, गुडघे दुखतात, पुढपर्यंत चालवत नाही, असे सांगत. कोणी कोणाला काही विचारले नाही. बाक भरला की नवरा तो घरी आणून आणखी एक फळी जोडायचा. सांधे अजून दिसतात. हा बाक आमचा आहे. पाचव्या कलमातले वाचन झाले की तो डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात न्यावा. तिथे बायका ताटकळत उभ्या असतात.

४. परवा छातीत कळ येऊन मी पडून होते, तेव्हा दीर माझ्या उशाशी येऊन बसले. ‘चुकले’ एवढे म्हण, क्षमा करतो, नाहीतर तुझ्या देहापुढे कोणी प्रार्थना म्हणणार नाही, म्हणाले. त्याच दमात प्रार्थनागृहाला लागून असलेल्या माझ्या परसाचे विचारले. नाक दाबून तोंड उघडायला आले होते. मी चुकले नाही, म्हणून म्हटले नाही. खुनी म्हटल्याची क्षमा त्यांनी कधी मागितली नाही, म्हणून मीही केलेली नाही. हे इथे नोंदवून ठेवते.

५. परस मात्र प्रार्थनागृहाला देते. अट एकच. हे मृत्युपत्र दिरांनी स्वतः, भरल्या सभेत, मोठ्याने वाचावे, साक्षीदारांच्या सहीपर्यंत. एक शब्द गाळला तरी परस दवाखान्याला.

स्थळ: दुकानातले कामाचे टेबल, भुसा झटकून.
दिनांक: प्रार्थनेचा आदला दिवस.
सही: पटाशी

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. सही केली आणि पाणीही न पिता गेले.

साक्षीदार दुसऱ्या: थोरल्या जाऊबाई, उपदेशकांच्या पत्नी. सहीआधी त्यांनी सगळे वाचून घेतले. त्यांचे म्हणणे त्यांच्याच आग्रहावरून लिहिते: “गुडघ्यांचं खोटं आहे. माझे गुडघे कधी दुखलेच नाहीत. मीही गेले होते गं त्याच दवाखान्यात, ह्यांना न सांगता. लिही तसं.”

हे भाऊजींना सगळ्यांसमोर वाचावे लागेल, असे मी त्यांना बजावले.

“वाचू देत. मी बाकावर असेन.”

सही: थोरली जाऊ