अक्काचं खोडलेलं वाक्य

रविवार, संध्याकाळ. परभणी.

आज लेकीला 'रिलक्टंट'चा अर्थ सांगताना तोंडातून आपसूक आलं, 'आमचा बैल ओढ्यात उतरायला रिलक्टंट असतो.' हे वाक्य अक्काचं, माझ्या मोठ्या बहिणीचं. आई-बाबा ऊसतोडीला गेले की आम्ही दोघी राणीसावरगावात आत्याकडे राहायचो. प्रत्येक अवघड इंग्रजी शब्दाला अक्का घरातलंच वाक्य करायची आणि माझ्याकडून पाठ करून घ्यायची. दहावीनंतर तिचं लग्न झालं. मी कॉलेजला गेले.

राहवलं नाही, फोन लावला. बैलाचं वाक्य ऐकून ती खूप हसली. मग म्हणाली, "एक वाक्य तुला दाखवलंच न्हाई बघ. तू कॉलेजला गेलीस तवा लिहिलं आन् खोडून टाकलं."

"कोणत्या शब्दाचं?"

"एन्व्ही. आय एन्व्ही माय सिस्टर."

हेवा, आणि माझा? कॉलेजच्या पहिल्या दिवशीचा माझा ड्रेस तिनंच शिवला होता. इतकी वर्षं मला कसं कळलं नाही?

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तसं काई न्हाई माय," ती म्हणाली. "पण शब्द लय पक्का झाला."